कॅल्शियमचे इंजेक्शन: क्षार कोणता, शीर कोणती, वेग किती?

मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातील पोटॅशियम का वाढते, याविषयी मागील अंकात लिहिताना तातडीच्या उपचारात शिरेतून दिल्या जाणाऱ्या कॅल्शियमचा एका वाक्यात उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे रुग्णांच्या नातेवाइकांची आहेत, तशीच परिचारिकांची आणि नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांचीही आहेत. त्यामुळे काही उत्तरे थोडी तांत्रिक होणे अटळ आहे. पुढे दिलेल्या मात्रा प्रौढ रुग्णांसाठीच्या आहेत. प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय आणि त्या रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती हेच प्रमाण मानावे.

प्रश्न: माझ्या वडिलांना मूत्रपिंडाचा आजार आहे. पोटॅशियम फार वाढल्याने त्यांना तातडीच्या विभागात न्यावे लागले. तेथे डॉक्टर मॉनिटरवरची नजर न काढता एक लहानसे इंजेक्शन कितीतरी मिनिटे देत होते. जीव धोक्यात असताना इतका संथपणा का? शिवाय नंतरच्या तपासणीत पोटॅशियम जवळपास तेवढेच निघाले. मग त्या इंजेक्शनचा उपयोग काय झाला?

उत्तर: आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात पहिलीचे उत्तर दडलेले आहे. शिरेतून दिलेले कॅल्शियम रक्तातील पोटॅशियम कमी करत नाही आणि ते त्यासाठी दिलेही जात नाही. पोटॅशियम वाढले की हृदयाच्या पेशींची विद्युत अवस्था बिघडते. ईसीजीवर 'टी' लहर उंच आणि टोकदार होते, पुढे 'पी' लहर चपटी होत नाहीशी होते, 'क्यूआरएस' रुंदावत जातो आणि अखेरीस हृदय थांबू शकते. कॅल्शियम या बिघाडाच्या विरुद्ध काम करून हृदयाला सावरून धरते. त्याचा परिणाम १ ते ३ मिनिटांत दिसू लागतो, पण तो साधारण अर्धा ते एक तासच टिकतो. तेवढ्या अवधीत ग्लुकोजसोबत इन्सुलिन देणे, साल्ब्युटामॉलची वाफ देणे अशा उपायांनी पोटॅशियम पेशींच्या आत ढकलले जाते आणि गरज असल्यास डायलिसिस करून ते शरीराबाहेर काढले जाते. म्हणजे आपल्या वडिलांना त्या इंजेक्शनने वेळ मिळवून दिला. त्याचा उपयोग झाला की नाही, हे पोटॅशियमच्या अहवालावरून ठरत नाही. ते ईसीजीवरून ठरते, आणि म्हणूनच डॉक्टरांची नजर तेथे खिळलेली होती. ईसीजी सुधारला नाही, तर ५ ते १० मिनिटांनी मात्रा पुन्हा दिली जाते.

आता संथपणाविषयी. हृदयाच्या आकुंचनाला कॅल्शियम लागते, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ साली लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवून दिले. त्यांच्या आधीच्या प्रयोगांतील द्रावण नळाच्या पाण्यात केलेले होते आणि त्यात हृदय चालत राहत असे. तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केल्यावर ठोके क्षीण होत गेले, आणि त्यात कॅल्शियम मिसळल्यावर ते पुन्हा जोमाने पडू लागले. जो पदार्थ हृदयावर इतका थेट परिणाम करतो, तो एकदम आत गेला तर अपायही तितकाच थेट करतो. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घसरतो, नाडी मंदावते, ठोक्यांची लय बिघडते आणि क्वचित हृदय बंदही पडते. अमेरिकेतील औषधपत्रकात कॅल्शियम ग्लुकोनेटसाठी प्रौढांना मिनिटाला २०० मिलिग्रॅम आणि लहान मुलांना १०० मिलिग्रॅम ही कमाल गती दिलेली आहे. या हिशेबाने १ ग्रॅमच्या एका अँप्युलला प्रौढ रुग्णात ५ मिनिटे लागतात. काही मार्गदर्शक सूचना मॉनिटर लावलेला असताना याहून थोडी अधिक गती मान्य करतात. हृदय बंद पडलेल्या रुग्णात मात्र, जेथे कॅल्शियम खरोखर आवश्यक असते तेथे, ते झटकन दिले जाते.

इंजेक्शन चालू असताना शुद्धीवर असलेल्या रुग्णाला अंगातून गरम लाट गेल्यासारखे वाटते, तोंडात खडूसारखी चव येते, मळमळते किंवा मुंग्या येतात. असे काही झाले तर रुग्णाने लगेच सांगावे. वेग कमी करण्याचा तो इशारा असतो आणि तो सहन करत गप्प राहण्याचे काही कारण नाही.

प्रश्न: मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे. आमच्या ट्रॉलीत कॅल्शियम ग्लुकोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड अशा दोन्ही अँप्युल असतात. दोन्हींवर '१० टक्के' आणि '१० मि.लि.' असेच छापलेले असते. घाईच्या वेळी "एक अँप्युल कॅल्शियम द्या" असे तोंडी सांगितले जाते. दोन्ही सारख्याच समजायच्या का?

उत्तर: मुळीच नाही. आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १० टक्के हे प्रमाण क्षाराच्या वजनाचे आहे, कॅल्शियमच्या वजनाचे नाही. दोन्ही अँप्युलमध्ये क्षार १ ग्रॅमच असतो. पण ग्लुकोनेटचा रेणू जड असल्याने त्याच्या १ ग्रॅममध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे ९३ मिलिग्रॅम भरते, तर क्लोराइडच्या १ ग्रॅममध्ये ते सुमारे २७३ मिलिग्रॅम असते. मिलिमोलमध्ये सांगायचे तर हे आकडे अंदाजे २.३ आणि ६.८ असे आहेत. ग्लुकोनेट समजून क्लोराइड दिले तर रुग्णाला जवळजवळ तिप्पट कॅल्शियम जाते, आणि उलट झाले तर ज्याचे हृदय थांबण्याच्या बेतात आहे त्याला गरजेच्या एक तृतीयांशच मिळते. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णासाठी ब्रिटनमधील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या सूचनांत १० टक्के ग्लुकोनेट ३० मि.लि., १० मिनिटांत, असे सांगितलेले आढळते. त्यामागे हेच गणित आहे. ग्लुकोनेटच्या तीन अँप्युल आणि क्लोराइडची एक, यांतील कॅल्शियम जवळपास सारखे असते.

गोंधळात भर घालायला एककेही पुरेशी आहेत. एका कागदावर क्षाराचे ग्रॅम लिहिलेले असतात, दुसऱ्यावर प्रत्यक्ष कॅल्शियमचे मिलिग्रॅम, तिसऱ्यावर मिलिमोल, तर चौथ्यावर मिलिइक्विव्हॅलंट. म्हणून नुसते 'कॅल्शियम' किंवा नुसते 'एक अँप्युल' असा आदेश मी अपूर्ण समजतो आणि तो तसाच अमलात आणू नये, असे मला स्पष्टपणे सांगायचे आहे. पूर्ण आदेश असा असतो: "कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्के, १० मि.लि. म्हणजे १ ग्रॅम, शिरेतून, ५ मिनिटांत." तो ऐकल्यावर आपण मोठ्याने पुन्हा म्हणावा आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटल्यावरच अँप्युल फोडावी. याला काही सेकंद लागतात. सांगणारे डॉक्टर कितीही ज्येष्ठ असले, तरी "डॉक्टर, ग्लुकोनेट की क्लोराइड?" असे विचारणे हा आपला अधिकार आहे आणि कर्तव्यही. दोन्ही अँप्युल ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी ठेवू नयेत. शक्य असेल तर क्लोराइड वेगळ्या जागी, ठळक चिठ्ठी लावून ठेवावे.

कोणता क्षार कधी वापरावा, याचा संबंध शिरेशी आहे. हाताच्या शिरेतून द्यायचे असेल तर ग्लुकोनेट हीच सर्वसाधारण निवड असते, कारण ते शिरेला आणि भोवतालच्या ऊतींना कमी दाहक आहे. क्लोराइड शक्यतो मानेतील किंवा छातीतील मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून द्यावे. हृदय बंद पडलेले असताना आणि दुसरा मार्ग नसताना ते हाताच्या चांगल्या शिरेतून किंवा हाडात घातलेल्या सुईतूनही दिले जाते. यकृताने पचवल्याशिवाय ग्लुकोनेटमधील कॅल्शियम मोकळे होत नाही, असा एक समज बराच काळ चालत आला आहे. यकृत प्रत्यारोपणात, जुने यकृत काढलेले असून नवे अजून सुरू झालेले नाही अशा टप्प्यातही, सारख्या प्रमाणात कॅल्शियम मिळेल अशा बेताने दिलेल्या दोन्ही क्षारांनी रक्तातील आयनरूप, म्हणजे मोकळे, कॅल्शियम सारखेच वाढल्याचे दिसले आहे. तेव्हा त्या कारणासाठी ग्लुकोनेट नाकारू नये.

अँप्युल फोडण्यापूर्वी ती उजेडासमोर धरून पाहावी. कॅल्शियम ग्लुकोनेटचे द्रावण अतिसंपृक्त असते आणि त्यात कधी कधी बारीक स्फटिक तयार होतात. काचेच्या तळाशी पांढरे कण किंवा सुईसारखे चकाकणारे धागे दिसले तर ती अँप्युल बाजूला काढून दुसरी घ्यावी. सिरिंज हातात असलेल्या व्यक्तीकडे त्या वेळी दुसरे कोणतेही काम देऊ नये.

प्रश्न: आमच्या विभागात एका रुग्णाच्या हाताच्या पाठीवरील कॅन्युलातून (शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून) कॅल्शियम चालू असताना ते शिरेबाहेर गेले. पुढे काही दिवसांत तेथील कातडी काळी पडली. अशा वेळी पहिल्या काही मिनिटांत काय करायला हवे होते?

उत्तर: कॅल्शियम शिरेबाहेर गेले की ऊती जळल्यासारख्या होतात आणि कधी कधी तेथे कॅल्शियमचे साके बसतात. ते दिवसांनी किंवा आठवड्यांनी कातडीखाली कडक, पांढुरके खडे म्हणून हाताला लागतात. सुरुवातीला मात्र खूण फसवी असते: थोडी सूज, थोडा फिकटपणा किंवा लाली आणि रुग्णाची "येथे चुरचुरते आहे" ही तक्रार. रुग्ण बेशुद्ध असेल तर तीही नाही.

शंका येताच औषध त्वरित थांबवावे, पण कॅन्युला लगेच काढू नये आणि सलाईनने ती धुऊ तर अजिबात नये, कारण त्यामुळे आत राहिलेले औषध आणखी पसरते. त्याच कॅन्युलाला रिकामी सिरिंज लावून जितके द्रावण परत ओढता येईल तितके ओढावे, मग कॅन्युला काढावी. जागा चोळू किंवा दाबू नये. सुजेची कड पेनाने आखून वेळ लिहावी, हात उंच ठेवावा आणि डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवावे. हायल्युरोनिडेज हे विकर त्या जागेभोवती टोचल्याने साचलेले द्रावण लवकर विखुरते. ते द्यायचे झाल्यास लवकर द्यावे लागते, म्हणून "सकाळी फेरीच्या वेळी दाखवू" हा विचार येथे घातक आहे. कातडीचा रंग बदलू लागला किंवा फोड आले तर प्लास्टिक सर्जनचे मत घ्यावे.

यातील बहुतेक प्रसंग टाळता येण्यासारखे असतात. हाताची पाठ आणि पाऊल येथील बारीक शिरा कॅल्शियमसाठी योग्य नाहीत. कोपराच्या खालची रुंद, सरळ शीर निवडावी. औषध सुरू करण्यापूर्वी साधे सलाईन सोडून ते विनाअडथळा जाते आहे आणि भोवती फुगवटा येत नाही, हे बोटाने चाचपून पाहावे. शिरेबाहेर जाणारे औषध पंप ओळखेलच असे नाही, त्यामुळे पंपाचा गजर वाजला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. स्नायूत किंवा कातडीखाली तर कॅल्शियमचे इंजेक्शन देऊच नये.

प्रश्न: एकच शीर मिळालेली असताना कॅल्शियम, सोडियम बायकार्बोनेट आणि प्रतिजैविक हे सर्व त्याच नळीतून दिले तर चालेल का?

उत्तर: एकाच वेळी नाही. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नळीत एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका तयार होतो. तो डोळ्यांना दिसतो, पण घाईत नळीकडे कोण पाहतो! फॉस्फेट असलेल्या द्रावणाचेही तसेच होते. दोन औषधांच्या मध्ये नळी साध्या सलाईनने नीट धुऊन घ्यावी आणि शक्य तितक्या लवकर दुसरी शीर मिळवावी.

सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. ते आणि कॅल्शियम यांचे साके फुप्फुसांत व मूत्रपिंडांत आढळून नवजात बालके दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून २८ दिवसांपर्यंतच्या बालकाला शिरेतून कॅल्शियमयुक्त द्रावण चालू असेल किंवा द्यावे लागणार असेल, तर सेफ्ट्रियाक्सोन देऊ नये, वेगळ्या शिरेतूनही नाही. त्याहून मोठ्या रुग्णांत ते एकामागून एक, मध्ये नळी धुऊन देता येते. एकाच नळीच्या दोन फाट्यांतून एकदम मात्र नाही. रिंगर लॅक्टेट या सलाईनसारख्या द्रावणातही कॅल्शियम असते, हे या संदर्भात बऱ्याचदा लक्षात राहत नाही.

रक्त चढवण्याच्या नळीतून कॅल्शियम देऊ नये. पिशवीतील रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घातलेले असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. नळीत कॅल्शियम मिसळले तर तेथेच गुठळ्या होण्याचा धोका असतो. याच सायट्रेटमुळे भराभर पुष्कळ रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाचे आयनरूप कॅल्शियम घसरते. ते सामान्यतः लिटरला सुमारे १.१ ते १.३ मिलिमोल असते. अशा रुग्णाला कॅल्शियम लागतेच, फक्त ते वेगळ्या शिरेतून द्यावे.

प्रश्न: हृदय बंद पडलेल्या प्रत्येक रुग्णाला "देऊन तर पाहू" म्हणून कॅल्शियम द्यावे का?

उत्तर: नाही. डेन्मार्कमध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ३९१ प्रौढांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कॅल्शियम क्लोराइड मिळालेल्यांपैकी १९ टक्के, तर साधे सलाईन मिळालेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांत रक्ताभिसरण टिकून राहील इतपत परत सुरू झाले. हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर निर्णायक नव्हता, पण अपायाची शंका आल्याने चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. पोटॅशियम वाढल्याची किंवा कॅल्शियम कमी झाल्याची शंका असेल, मॅग्नेशियम जास्त झाले असेल किंवा रक्तदाबासाठीच्या कॅल्शियम-रोधक गोळ्यांची विषबाधा असेल, तर कॅल्शियम द्यायलाच हवे. डायलिसिस चुकलेल्या रुग्णाचे हृदय बंद पडले, तर अहवालाची वाट पाहत बसू नये.

प्रश्न: प्रसूतिकक्षात मॅग्नेशियम सल्फेटच्या ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट का ठेवतात?

उत्तर: गरोदरपणातील झटक्यांसाठी दिलेले मॅग्नेशियम जास्त झाल्यास कॅल्शियम हा त्यावरील उतारा आहे. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होणे ही पहिली खूण असते. पुढे श्वास मंदावतो. लघवी कमी होत असेल तर मॅग्नेशियम साचत जाते, म्हणून तिन्ही गोष्टी ठरावीक वेळाने पाहून नोंदवाव्यात. श्वास मंदावला तर आधी मॅग्नेशियम बंद करावे, श्वासाला आधार द्यावा आणि १० टक्के ग्लुकोनेट १० मि.लि. शिरेतून निदान ३ मिनिटे घेऊन द्यावे. ट्रेमधील अँप्युलची मुदत संपलेली नाही ना, हे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पाहावे. ती कपाटात कुलूपबंद असून उपयोग नाही.

प्रश्न: डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्या रुग्णाला कॅल्शियम दिले तर हृदय दगडासारखे घट्ट होते, असे शिकवले गेले. हे खरे आहे का?

उत्तर: ही भीती १९३६ मध्ये नोंदवलेल्या मोजक्या मृत्यूंवर उभी राहिली. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिगॉक्सिनची विषबाधा असतानाही कॅल्शियम मिळालेल्या २३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि त्यांपैकी कोणातही पहिल्या तासात जीवघेणी लय उद्भवलेली आढळली नाही. संख्या लहान आहे, त्यामुळे बेफिकीर होऊ नये. पोटॅशियममुळे ईसीजी बिघडलेला असेल तर डिगॉक्सिनचे नाव ऐकून कॅल्शियम अडवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ते पातळ करून, अधिक सावकाश, अखंड ईसीजीवर लक्ष ठेवून द्यावे. विषबाधा डिगॉक्सिनचीच असेल, तर तिच्यावरील खरा उपाय म्हणजे त्याचे प्रतिद्रव्य.

प्रश्न: थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी माझ्या ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या आणि बोटे आखडली. मला सलाईनमधून कॅल्शियम दिले गेले. गोळ्या पुरल्या नसत्या का?

उत्तर: थायरॉइडच्या मागे साधारण चार लहान ग्रंथी असतात आणि रक्तातील कॅल्शियम सांभाळणे हे त्यांचे काम आहे. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसला तर कॅल्शियम घसरते. मुंग्या सौम्य असतील तर गोळ्या पुरतात. बोटे आखडणे, घशाचे स्नायू आवळून श्वासाला घरघर लागणे, झटका येणे किंवा ईसीजीवर 'क्यूटी' अंतर वाढणे, यांपैकी काही असेल तर शिरेतून द्यावे लागते. १० टक्के ग्लुकोनेटच्या एक ते दोन अँप्युल ५० ते १०० मि.लि. ग्लुकोज किंवा सलाईनमध्ये मिसळून १० ते २० मिनिटांत देण्याची पद्धत आहे. तो परिणाम दोन-तीन तासांत ओसरू लागत असल्याने मागाहून कॅल्शियमचे संथ सलाईन लावतात आणि गोळ्याही सुरू करतात. कॅल्शियम देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम कमी आहे का, हे पाहावे लागते. ते भरून काढल्याशिवाय कॅल्शियम टिकत नाही.

बोटे आखडण्याचे आणखी एक कारण येथे नोंदवून ठेवतो. घाबरून फार भराभर श्वास घेणाऱ्या व्यक्तीचीही बोटे अशीच आखडतात, कारण रक्त अल्कधर्मी होऊन आयनरूप कॅल्शियम तेवढ्यापुरते कमी होते. तिला धीर देऊन श्वास संथ करायला लावला की ते ओसरते आणि इंजेक्शन लागत नाही. पण आपल्यासारख्या नुकतीच मानेची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने मुंग्यांना घबराट समजून घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्त तपासून घ्यावे, आणि आवाज घोगरा होऊन श्वास अडत असेल तर तत्क्षणी निघावे.